पिसवांच्या बाजारात उतरलेली तबकडी

घाटवाट

२०१९ च्या सप्टेंबरात धाकट्या बहिणीकडे पॅरिसला गेले होते. आयफेल टॉवर वगैरे तिसऱ्या दिवशीच उरकलं. मग तिला म्हटलं, इथला जुना बाजार दाखव. दर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारणारी बाई मी. पितळी अडकित्ता नाहीतर कुणाच्या तरी मुंजीतलं तांब्याचं घंगाळ घेतल्याशिवाय घरी येत नाही.

चार नंबरच्या मेट्रोने शेवटच्या टोकाला, पोर्त द क्लिन्यांकूरला उतरायचं. वर आल्यावर पाच मिनिटं नक्की वाटतं की आपण चुकलो. नकली पट्टे, मोबाइलची कव्हरं, टोप्या, "मादाम, मादाम" म्हणत मागे लागणारी पोरं. रिंगरोडचा पूल ओलांडून रोझिए नावाच्या रस्त्याला लागलं की खरा बाजार सुरू होतो. सांत-ऊआँ. पॅरिसच्या वेशीबाहेर एकोणिसाव्या शतकात चिंध्या, भंगार गोळा करणाऱ्यांनी पथाऱ्या मांडल्या, त्या मालात पिसवा असायच्या, म्हणून नाव पडलं पिसवांचा बाजार. आज तिथे एका खुर्चीची किंमत विचारली तर आपल्याच अंगावर पिसू चढल्यासारखं होतं!

हा एक बाजार नाही, डझनभर बाजारांचा मोहोळ आहे. वेर्नेझों सगळ्यात जुना, १९२० चा, त्यात गल्लीबोळ. बिरोंमध्ये झुंबरं आणि सोनेरी चौकटींचे आरसे. पोल बेर आणि सेर्पेत म्हणजे श्रीमंत गिऱ्हाइकांचं ठिकाण. आणि दोफीन. हा त्यातला तरुण, १९९१ चा, वर काचेचं छत, दोन मजले. वरच्या मजल्यावर जुनी पुस्तकं, नकाशे, रेकॉर्डी. मी रेकॉर्डींच्या वासाने आत शिरले आणि थबकलेच.

हॉलच्या मधोमध उडती तबकडी उभी होती.

रंगवलेला देखावा नव्हे, खरंखुरं घर. दोन खोलगट थाळे एकमेकांवर पालथे ठेवावेत तसा आकार, कंबरेभोवती लंबगोल खिडक्यांची माळ, खाली पोलादी पाय. व्यास ८ मीटर, उंची साधारण ४ मीटर. विमानाला असतो तसा खाली उघडणारा दरवाजा, त्यालाच आतून पायऱ्या. मी गेले त्या दिवशी तो बंद होता. शेजारच्या गाळ्यातला म्हातारा कुठल्यातरी लुई राजाच्या काळातलं कपाट मेण लावून पुसत बसला होता. त्या तबकडीकडे पाठ करून.

बहिणीने सांगितलं, याचं नाव फुटुरो. नंतर वाचत गेले ते थोडक्यात लिहिते.

मात्ती सुरोनेन हा फिनलंडचा वास्तुकार. त्याच्या एका ओळखीच्या डॉक्टरला डोंगरात स्कीइंगसाठी खोपटं हवं होतं. अटी दोन. उतारावर, खडकावर कुठेही उभं राहिलं पाहिजे, आणि गेल्यागेल्या झटपट ऊब आली पाहिजे. सुरोनेनने आधी सेइनायोकी गावात धान्याच्या कोठारासाठी प्लास्टिकचा मोठा घुमट केलेला होता. तोच अनुभव इथे कामी आला. १९६८ मध्ये पहिली फुटुरो तयार झाली. काचतंतू घातलेल्या पॉलिएस्टरचे १६ तुकडे, दोन थरांच्या मध्ये पॉलियुरेथेनचा फोम, सगळं बोल्टने जोडायचं, पोलादी कड्यावर बसवायचं, कड्याला चार पाय. जमीन सपाट करायची गरजच नाही. हेलिकॉप्टरला टांगूनसुद्धा नेता यायची. उणे २९ अंशांपासून १५ अंशांपर्यंत अर्ध्या तासात गरम होते, असा दावा होता. मधोमध शेकोटी, तिच्याभोवती लांबवली की पलंग होणाऱ्या खुर्च्या, एक छोटी झोपायची खोली, ओट्यापुरतं स्वयंपाकघर, न्हाणीघर.

त्याच वर्षी ऑक्टोबरात फिनलंडच्या मालाचं प्रदर्शन भरवलेलं जहाज लंडनला गेलं, त्यावर ही होती. मग काय, जगभरातून बनवण्याचे परवाने मागायला लोक आले. माणूस चंद्रावर उतरायला वर्षही उरलं नव्हतं, असला आकार बघून कोण वेडं होणार नाही?

आणि तरी सगळ्या मिळून शंभरसुद्धा बनल्या नाहीत. १९७३ ला तेलाचे भाव भडकले, प्लास्टिक महागलं, कारखाना थंडावला.

मला तिथे उभं राहून जे वाटलं ते असं. हे घर विकताना सगळा भर एका गोष्टीवर होता, की ते कुठेही नेता येतं. आणि नेऊन नेऊन शेवटी ठेवलं कुठे? छपराखाली. घराच्या आत घर, जुन्या कपाटांच्या रांगेत. एवढं करून ते कपाट बिचारं कुणीतरी घरी नेऊन वापरेल. हिचं काय?

फोटो खाली देते आहे.

---

पोळपाट
फोटो दिसत नाहीत.

शेवग्याची शेंग
मलाही नाही. पण वर्णनावरून दिसलं. वास्तुशास्त्रवाल्यांनी हातच टेकले असतील की. ईशान्य कोपरा काढायचा कुठून?

पोळपाट
देवघर शेकोटीत. अग्नीदेवता एकच ठेवायची.

बाकी आठ मीटर व्यास म्हणजे कागदावर पाचशे चौरस फूट. आपले बिल्डर त्यात वरच्या थाळ्याचं क्षेत्रफळही धरून सुपर बिल्टअप आठशे सांगतील. भिंती आत वळतात म्हणजे कडेला माणूस ताठ उभा राहणार नाही, गोदरेजचं कपाट लावायचं तर मागे त्रिकोणी पोकळी, त्यात झुरळांचं संमेलन.

घाटवाट
फोटोंचं काहीतरी गंडलंय, घरी जाऊन बघते. पोळपाट, कपाटं त्यांनी भिंतीच्या वळणाला धरूनच घडवली होती. अडचण हीच. घर हलतं, पण आतलं सामान त्या घराशिवाय कुठेच बसत नाही.

उत्तरध्रुव

घाटवाट, छान लिहिलंय. मी अकरा वर्षं फिनलंडमध्ये एस्पोत राहतो. आमच्या इथे तापिओलात वीगी म्हणून जुन्या छापखान्याच्या इमारतीत संग्रहालयं आहेत, तिथे बाहेर अंगणात क्रमांक ००१ ची फुटुरो ठेवली आहे. २०१२ पासून लोकांना आत सोडतात, तेही उन्हाळ्यातच. गंमत बघा, थंडीत झटपट गरम होणारं घर आणि थंडीतच बंद!

ही ००१ मूळ इथल्या टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध कलाकाराची, हिर्वेनसाल्मीला पूलावेसी तळ्याकाठची. ती उभी राहिली तेव्हा लोकांनी तक्रारी केल्या होत्या, की रानात हे असलं काहीतरी शोभत नाही. इथे राहिल्यावर मला त्या तक्रारी कळल्या. इथल्या माणसाचा 'मोक्की' म्हणजे तळ्याकाठचं लाकडी खोपटं. वीज नसली तरी चालेल, नळ नसला तरी चालेल, संडास बाहेर. शेजाऱ्याचं खोपटं झाडांतून दिसू नये हीच चैन. तिथे एकाने पायांवर उभी तबकडी आणून ठेवली. आपल्याकडे नदीच्या घाटावर कुणी काचेचा मॉल बांधावा तसं.

मी लेकीला घेऊन आत गेलो होतो. पहिली गोष्ट जाणवते ती आवाज. खोलीच्या एका टोकाला कुजबुजलेलं पलीकडच्या टोकाला कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. बायको म्हणाली, या घरात नवरा-बायकोचं भांडण खाजगी राहणं अशक्य. दुसरी गोष्ट, खिडकीशी बसलं की बाहेरचं जग विमानातून दिसावं तसं दिसतं, जरा खाली आणि जरा परकं. लेक (वय ६) बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, उडाली का नाही?"

बारा गावचं पाणी
उत्तरध्रुव, लेकीला माझ्याकडून एक लाडू.

धागाकर्तीच्या मुद्द्याला वेगळं टोक लावतो. हलतं म्हणून बेघर झालं असं तुम्ही म्हणताय. मी म्हणतो, हलतं म्हणूनच वाचलं. १९५७ ला डिस्नेलँडमध्ये एका रसायन कंपनीने 'भविष्याचं घर' उभारलं होतं, तेही प्लास्टिकचंच. दहा वर्षांनी पाडायला काढलं तर क्रेनचा लोखंडी गोळा भिंतीवर आपटून परत यायचा! शेवटी करवतीने, पहारींनी तुकडे करावे लागले. ते जागेला खिळलेलं होतं, गेलं. फुटुरो बोल्ट काढून गाडीवर टाकता येते. म्हणून आज रॉटरडॅमच्या संग्रहालयाकडे तिचा पहिला नमुना आहे, म्युनिकला आधुनिक कलेच्या संग्रहालयाबाहेर एक उभी आहे, आणि लंडनला एका कला महाविद्यालयाच्या गच्चीवर एक जाऊन बसली होती.

शेवग्याची शेंग
आणि फ्लोरिडात टॅम्पाला एक नाचगाण्याच्या क्लबाच्या छतावर आहे. खास पाहुण्यांची खोली म्हणून. सगळ्यांचं नशीब संग्रहालयाचं नसतं.

किवीफळ

न्यूझीलंडहून हजेरी. आमच्या क्राइस्टचर्चला १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी मैदानाशी फुटुरोत चक्क बँकेची शाखा थाटली होती. खेळ बघायला आलेले लोक तबकडीत शिरून चेक वटवत होते. इथे परवाना घेऊन थोड्याच बनल्या, पण लोक अजून त्यांना जपतात. कुणी शेतातून उचलून आणून वर्षानुवर्षं दुरुस्त करत बसतं.

आजोबा_७४

मंडळी, एक शंका. 'अँटिक' वस्तूंच्या बाजारात ही तबकडी कशी? आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू किमान शंभर वर्षं जुनी असावी लागते, हस्तलिखितांना पंचाहत्तर. १९६८ सालचं प्लास्टिक म्हणजे माझ्या लग्नाच्या आधी पाचच वर्षं. मग मीही अँटिक बाजारात शोभेन.

घाटवाट
काका, तुम्ही शोभालच, पण किंमत आम्हाला परवडायची नाही. तिकडे पन्नास-साठच्या दशकातल्या वस्तूंना 'विंटेज' म्हणून वेगळा मान आहे, आणि हल्ली खरा पैसा त्यातच फिरतो. त्याच बाजारात फ्रेंच माणसं लुईच्या काळातल्या खुर्चीकडे ढुंकून बघत नव्हती आणि शाळेतल्या पत्र्याच्या खुर्चीपाशी घासाघीस चालली होती. झाँ प्रूव्हे याने आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींसाठी ॲल्युमिनियमची, सुटी करून विमानाने नेता येणारी घरं केली होती. त्यातलं ब्राझाव्हिलचं एक २००७ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात जवळजवळ ५० लाख डॉलरला गेलं. मुळात ते स्वस्त पडावं म्हणून केलेलं!

पोळपाट
फोटो अजून दिसत नाहीत.

रेझिनवाला

उशिरा येतोय, पण हा धागा माझ्या पोटापाण्याचा आहे. भोसरीला आमचं फायबरचं वर्कशॉप आहे, बावीस वर्षं. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, मंडळांचे देखावे, वॉचमनच्या केबिना. त्यामुळे फुटुरोकडे मी घर म्हणून बघूच शकत नाही, मला मोल्ड, म्हणजे साचा दिसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आधी मोल्डला मेण घासायचं, नाहीतर माल सुटत नाही. मग जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसतो तो रंगीत, गुळगुळीत थर. तो चिकट असतानाच त्यावर काचतंतूंची मॅट अंथरायची, ब्रशने रेझिन (पातळ प्लास्टिक) पाजायचं आणि रोलर फिरवून हवा काढायची. इथे चूक झाली की मेलं. एक बुडबुडा आत राहिला तर दोन वर्षांनी तिथेच फोड येतो. रेझिनमध्ये हार्डनर किती टाकायचा हे पुस्तकात असतं, पण भोसरीच्या मे महिन्यात आणि जानेवारीच्या पहाटे तो हाताच्या अंदाजानेच टाकावा लागतो. जास्त पडला की डबाच धुरायला लागतो, माल तडकतो. आणि वास! लग्न झालं तेव्हा बायको म्हणायची, तुमच्या शर्टाला कसला गोड गोड वास येतो. आता दारातच शर्ट काढायला लावते.

तर, आठ तुकडे वर, आठ खाली असं धरलं तर मोल्ड दोनच लागतात. तुकडा एकदा जमला की तोच तोच काढत राहायचा. सुरोनेन साहेबांचं डोकं इथे आहे. गोल आकार दिसायला चैनीचा वाटतो, पण आमच्या धंद्यात सपाट फायबरच सगळ्यात नालायक. सपाट पत्रा दाबला की वाकतो, थरथरतो. त्याला जाडी द्या, मागून लाकडाच्या फासळ्या द्या. वळण दिलं की तेच दोन-तीन मिलिमीटर आपोआप ताठ होतं, अंड्याच्या कवचासारखं. म्हणजे ती तबकडी चंद्राच्या वेडातून आली असेलही, पण कारखान्याच्या हिशोबातूनही आली आहे.

आता तेलाचं. लोकांना वाटतं पेट्रोल महागलं म्हणून वाहतूक महागली असेल. तसं नाही. रेझिन हेच तेलातून येतं, त्यातला स्टायरीन तेलातून, फोमसुद्धा तेलातून. भिंतच तेलाची आहे! कच्च्या तेलाचा भाव चढला की आम्हाला आजही महिन्याभरात झळ लागते. विटांच्या घराला असा झटका बसत नाही, वीट मातीची असते.

आणि टिकण्याबद्दल. प्लास्टिक हजार वर्षं राहतं म्हणतात, ते कचऱ्यात. उन्हात जेलकोट पाच-सात वर्षांत पावडर सोडायला लागतो, हात फिरवला की हाताला पांढरं लागतं. जोडांतली रबरं कडक होतात, पाणी आत शिरतं, फोम पाणी धरून बसतो. म्हणून ती काचेच्या छताखाली आहे हे वाचून मला बरं वाटलं. ताई, तुम्ही तिला बिचारी म्हणताय. फायबरवाल्याला विचाराल तर हीच तिची योग्य जागा.

उत्तरध्रुव
रेझिनवाला, काय लिहिलंय राव! वेगळा धागा काढा.

आजोबा_७४
असेच म्हणतो. आणि अंड्याचं कवच पटलं.

बारा गावचं पाणी
रेझिनवाला, मग शंभरही का बनल्या नाहीत? दोन मोल्ड, तोच तोच तुकडा, परवाने जगभर. तेल महागण्याआधी पाच वर्षं होती की हातात.

रेझिनवाला
माल बनवणं आणि विकणं यात फरक असतो साहेब. तुम्ही सांगा, तुम्ही बँकेत गेलात आणि म्हणालात, घरासाठी कर्ज द्या, घर हेलिकॉप्टरने नेता येतं. मॅनेजर काय म्हणेल?

शेवग्याची शेंग
तारण पळून जाईल म्हणेल!

घाटवाट
अगदी हेच झालं अमेरिकेत. बऱ्याच गावांच्या बांधकाम नियमांत हे बसेना, आणि गिऱ्हाइकांना कर्ज मिळेना. घर म्हणजे काय याची सरकारदरबारी जी व्याख्या असते तिच्यात मुळात जमीन असते. उतारा, हद्द, चतुःसीमा. 'पूर्वेस अमुक यांचे शेत' असं लिहायला जागा एका ठिकाणी थांबावी लागते ना.

रेझिनवाला, तुमचं वाचून माझं मत थोडं हललं. त्या दिवशी मला ती अडकून पडलेली वाटली. जपून ठेवलेली वाटली नाही.

पोळपाट
मत हललं, फोटो नाही हलले.

किवीफळ
अवांतर: फ्रान्समध्येच पिरेनीजच्या डोंगरात ग्रिप नावाच्या गावाजवळ सुट्टीसाठी अशीच प्लास्टिकची घरं होती, त्याच काळातली. झाँ मानवाल याने सहा पाकळ्यांचं घर केलं होतं, नाव 'बुल', म्हणजे बुडबुडा. सुट्या पाकळ्या ट्रकवर मावायच्या. ती गाववस्ती मोडल्यावर बुडबुडे विंटेजवाल्यांकडे गेले. म्हणजे फुटुरो एकटी नाही, पिढीच तशी.

रेझिनवाला

किवीफळ, आमच्याकडेही एक पिढी आहे. वॉचमनची केबिन. निळी नाहीतर पिवळी, चार फूट बाय चार फूट, वर उतरतं छप्पर, तिन्ही बाजूंना सरकत्या काचा. क्रेनने उचलायची, गेटवर ठेवायची, पंख्याची वायर जोडायची, झालं घर. बारा तास माणूस त्यात असतो. जेवतो, डबा ठेवतो, मोबाइलवर गावी बोलतो. तिला कुणी भविष्यातलं घर म्हणत नाही, पण हेलिकॉप्टर सोडलं तर सगळं तेच आहे की.

२००६ ला आम्ही एका सोसायटीला तशी केबिन दिली होती. पुढे त्यांनी ग्रॅनाइटचं मोठं गेट बांधलं, दगडी केबिन केली आणि आमची मागे कचऱ्याच्या डब्याजवळ टाकून दिली. मीच टेम्पो पाठवून परत आणली. जेलकोट गेलाय, पण टिचकी मारली की अजून टणक वाजते, कुठेही भद्द आवाज नाही. बाबांनी स्वतः रोलर फिरवला होता तिच्यावर. वर्कशॉपच्या मागच्या शेडखाली ठेवली आहे.

घाटवाट
मला द्याल का? मनापासून विचारते आहे. गावाकडे अंगण आहे, पुस्तकं घेऊन बसायला होईल. पैसे योग्य ते सांगा.

रेझिनवाला
ताई, दिली असती. पण गेल्या आठवड्यात तिच्यात मांजर व्यायली आहे. चार पिल्लं. डोळे उघडेपर्यंत तरी हलवता येणार नाही.

पोळपाट
फोटो टाका.